नवरा जिवंत असतानाच तिचं नाव लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात गावातल्या शाळेत महिला शेतकऱ्यांचा कार्यक्रम झाला. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचं म्हणून जाहीर केलं आहे, त्यानिमित्त. बचत गटाच्या चाळीसेक जणी आलो होतो. तालुक्याहून आलेल्या मॅडमनी विचारलं, शेतात कामाला कोण कोण जातं? सगळ्यांचे हात वर. मग विचारलं, सातबाऱ्यावर नाव कुणाकुणाचं आहे? तीन हात. त्यातला एक माझा. घरी येताना वाटेत माझ्या ध्यानात आलं की आम्ही तिघीही विधवा आहोत.

तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात होतं.

मी जालना जिल्ह्यातली. चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. १९९६ला लग्न होऊन आले तेव्हापासून सरकी लावण्यापासून पऱ्हाट्या उपटण्यापर्यंत सगळं केलं. फवारणी आणि मोंढ्यावरची विक्री मालकांकडे, बाकी माझ्याकडे. आपलं खुरपून झालं की दुसऱ्याच्या रानात रोजानं. तिथे बाईला तीनशे, गड्याला पाचशे. पण राशन कार्डापासून बँकेपर्यंत जिथे जिथे माझा धंदा लिहायची वेळ आली, तिथे 'घरकाम' लिहिलं गेलं. मीही कधी दुरुस्त करायला सांगितलं नाही.

ऑगस्ट २०२३मध्ये मालक बांधावरच छातीत कळ येऊन गेले. कपाशी कमरेएवढी झाली होती. माणूस गेल्याचं दुःख करायला शेत थांबत नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी खुरपं घेऊन रानात गेले, आणि कळलं की रान माझं आहे हे दाखवायला माझ्याकडे एक कागद नाही. पीक कर्ज त्यांच्या नावावर, विमा त्यांच्या नावावर, सोसायटीचं सभासदत्व त्यांचं. वारस नोंदीचा अर्ज केला. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलं. वारस म्हणून मी, दोन मुली, मुलगा आणि सासूबाई. दिरांनी फेरफाराला हरकत घेतली. प्रकरण सुनावणीला गेलं. तारखेला जायचं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडायचा, वर एसटीचं भाडं. सातबारा हातात यायला चौदा महिने लागले.

त्या चौदा महिन्यांचा हिशोब सांगते. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० होता. खरेदी केंद्रावर सातबारा आणि पीकपेरा मागतात, म्हणून मी गावात येणाऱ्या खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला कापूस घातला, क्विंटलला साडेसहा हजाराच्या आत. पुढच्या खरिपाला बी-खताला पैसे नव्हते. वेळेवर फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज बिनव्याजी पडतं, पण ते खातेदाराला. मी गटाचं कर्ज उचललं, चोवीस टक्क्यांनी, दर पंधरवड्याला हप्ता. शेत तेच, राबणारी तीच. कागदावर नाव नाही म्हणून तेच पीक मला महाग पडलं.

आता सासूबाईंचं सांगते, कारण मला ते जास्त लागतं. नोव्हेंबर १९८६मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला भरलं होतं. सासूबाई गावातल्या बायकांबरोबर ट्रकमध्ये बसून गेल्या होत्या. लाल बिल्ला त्यांनी अजून ट्रंकेत जपून ठेवला आहे. पुढे संघटनेनं लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली, शेतकऱ्यानं आपणहून बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून. सासूबाई तेव्हा रोज त्याबद्दल बोलायच्या म्हणे. पण मामंजींनी जमिनीची वाटणी केली ती दोन मुलांत. सासूबाईंच्या वाट्याला काही ठेवलं नाही. सातबाऱ्यावर त्यांचं नाव पहिल्यांदा लागलं ते मुलाची वारस म्हणून, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. मी कागद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "याच्यासाठी माझं पोरगं जायला लागलं." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

माहेरच्या जमिनीत २००५च्या कायद्यानं मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे मला माहीत होतं. तरी मी हक्कसोड पत्रावर सही केली. भावाशी वाकडं नको होतं, आणि दिवाळीला त्याच दारात जायचं होतं. माझ्या मुलींना मी सही करू देणार नाही, एवढं ठरवलं आहे.

देशात शेती कसणाऱ्या १०० खातेदारांपैकी १४सुद्धा बायका नाहीत, २०१५-१६च्या कृषी गणनेत तसं आहे. हे बदलायला प्रत्येक वेळी कुणी मरायची गरज नाही. राज्य सरकारचं १९९२पासून लक्ष्मी मुक्तीचं परिपत्रक आहे. नवऱ्यानं स्वखुशीनं तलाठ्याकडे अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. मालक होते तोवर हे आमच्या दोघांच्याही कानावर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कानावर आलं असतं तरी मी विचारलं असतं का, माहीत नाही. नाव लावा म्हणणं म्हणजे त्यांच्या मरणाची तजवीज करणं, असं वाटायचं. ते चांगले होते. मी म्हटलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं नसतं. म्हणून जास्त वाईट वाटतं.

पुरुष मंडळींना माझी विनंती आहे. बाईनं विचारायची वाट पाहू नका, ती विचारणार नाही. तुमचं शेत तुमच्याकडेच राहतं, फक्त तिचं नाव तुमच्या शेजारी लागतं.

आणि आपल्याला एक विनंती. त्या अर्जाचा नमुना आपल्या पेपरात एकदा छापावा, कुणाला द्यायचा आणि सोबत काय जोडायचं तेही लिहून. आमच्याकडे पेपर दुपारच्या एसटीनं येतो. मी तो कापून समाज मंदिराच्या भिंतीवर लावीन. शेजारच्या दोघी जणी आतापासूनच विचारून गेल्या आहेत.

आपली,
एक शेतकरी बाई, जि. जालना
(नाव व गाव छापू नये ही विनंती)