जुनी पिकअप घ्यावी का? मित्रास पत्र

घणसोली, नवी मुंबई
रविवार

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू म्हणालास, "घेऊन टाक की, एवढा काय विचार करतोस!" तुझं बरोबर आहे रे. द्राक्षाच्या हंगामात तुझी पिकअप रात्रंदिवस पळते, आणि हंगाम संपला की शेडमध्ये उभी राहते. निफाडला त्या शेडचं भाडं कोण मागतंय? इथे गाडी घेण्याआधी ती रात्री कुठे उभी करायची हे ठरवावं लागतं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून सगळं लिहूनच काढतोय.

माझं काम तुला माहीत आहे. रबाळे एमआयडीसीतल्या गाळ्यात किचन ट्रॉल्या आणि कपाटं बनवायची आणि घोडबंदर रोड, खारघर, पनवेल इकडे नेऊन बसवायची. आजवर नाक्यावरचा टेम्पो भाड्याने घेतला आणि हिशेबाने पाहिलं तर तोच स्वस्त पडतो. मी कागदावर मांडून पाहिलं आहे. हप्ता, वर्षाला 16 हजारांच्या आसपास जाणारा थर्ड पार्टी विमा, आरटीओचं पासिंग, टायर आणि डिझेल, वर शहरात भरलेल्या गाडीचं अॅव्हरेज दहा-बाराच्या पुढे जात नाही. सगळं धरलं की स्वतःची गाडी भाड्यापेक्षा महागच. बायकोने तो कागद पाहिला आणि म्हणाली, "मग प्रश्न मिटला."

प्रश्न मिटत नाही तो टॉवरच्या लिफ्टमुळे. घोडबंदरच्या बहुतेक सोसायट्या सामानाची लिफ्ट सकाळी उशिरा उघडतात आणि संध्याकाळी लवकर बंद करतात, रविवारी तर नावच नको. टेम्पोवाला कापूरबावडीला अडकला, किंवा पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं म्हणून लांबून फिरून आला, की आमची लिफ्ट गेली. मग माल परत गाळ्यात, दोन मिस्त्रींचा रोज वाया आणि गिऱ्हाईक फोनवर तोंड सोडतं ते वेगळंच. भाडं वाचवण्यासाठी मला गाडी नकोय. रात्रीच माल भरून ठेवता यावा आणि पहाटे मिस्त्रींना घेऊन निघता यावं, एवढ्यासाठी हवी आहे.

छोटा हत्ती का नाही, हे तू विचारणारच. प्लायवूडचा शीट आठ बाय चारचा. छोट्या हत्तीचा हौदा सव्वासात फुटांच्या आसपास, म्हणजे फाळका उघडा टाकून, लाल फडकं बांधून जायचं. पिकअपमध्ये शीट आडवा टाकून फाळका लावता येतो. शिवाय अठरा एमएमचा एक शीट पस्तीस किलोच्या आगेमागे भरतो. तीस शीट टाकले की टन झाला. ड्रायव्हर ठेवायची गरज नाही, मीच चालवीन. साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा पक्कं केलं.

आता कोणती गाडी? नवी परवडत नाही. सीएनजीचा विचार केला, पण पंपावरची रांग पाहिली की पहाटे निघण्याचा सगळा बेतच बोंबलतो. राहिली जुनी डिझेल. त्यात मोठा घोळ बीएस फोर की बीएस सिक्स हा, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली गाडी की नव्या. 1 एप्रिल 2020 पासून बीएस सिक्स आलं. त्या डिझेल गाड्यांपैकी बहुतेकींना धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी तापून सलग पळावी लागते. माझी धाव रबाळे ते ठाणे, तीही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. तसल्या चालीत डीपीएफ चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गॅरेजवाला जो आकडा सांगतो तो ऐकून खाली बसायला होतं. म्हणजे माझ्या कामाला जुनी बीएस फोरच सोयीची. पण तिचं पुढे काय? मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की आपल्याकडे पर्यावरण कर लागतो आणि दोन वर्षांनी होणारं पासिंग दरवर्षी करावं लागतं. त्यात जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने मुंबई परिसरातल्या डिझेल-पेट्रोल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासायला सांगितलं आणि सरकारने समितीही नेमली. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांचे काय हाल झाले ते आपण पाहिलंच. म्हणून मी ठरवलंय की गाडी पाच वर्षांत वसूल झाली पाहिजे, विकताना चार पैसे आले तर तो बोनस.

दोन गाड्या पाहिल्या. पहिली कळंबोलीला एका व्यापाऱ्याकडे. रंग चकाचक, सीट कव्हर नवं, मीटरवर किलोमीटर इतके कमी की मलाच लाज वाटली. आपला मिस्त्री खाली वाकला. चेसिसला ताजा काळा रंग फासलेला. स्क्रू-ड्रायव्हरने जरा खरवडलं तर पापुद्रे निघाले. फाळक्याच्या बिजागरीला गंज, हौद्याच्या कोपऱ्यांत पत्र्याची ठिगळं. मासळीची गाडी, बंड्या. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून गळून खाली चेसिसवर पडलेलं. इंजिन कितीही गोड वाजू दे, चेसिस गेली की गाडी भंगाराच्याच भावाची. तेव्हापासून मी कुणालाही किलोमीटर विचारत नाही, आधी विचारतो की या गाडीने वाहिलं काय? रेती-विटा वाहिल्या असतील तर स्प्रिंगचे पाटे बसलेले आणि मागचा अॅक्सल थकलेला. मासळी असेल तर गंज. आणि महापुरात बुडालेली असेल तर सीटबेल्ट पूर्ण ओढून बघायचा, मुळाशी गाळाचा डाग सापडतो.

दुसरी कोपरखैरण्यात, मालकाकडूनच. 2018ची, बीएस फोर, एकाच हातातली. नारायणगावहून वाशी मार्केटला रात्रीची भाजी आणायची. मीटर अडीच लाखांच्या पुढे, आणि मालकाने ते आपणहून सांगितलं. ही धाव बरीचशी हायवेची आणि माल हलका. टोमॅटोच्या क्रेटचे ओरखडे हौद्यात आहेत, पण पत्रा निरोगी. मी सकाळी लवकर गेलो, बॉनेटला हात लावला तर गार होतं. पहिल्या सेल्फला सुरू झाली. सुरुवातीला थोडा धूर, मग साफ. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं तेव्हा मात्र हलकं बॅक कॉम्प्रेशन जाणवलं, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळून झाकणातून हवा फेकत होता. मिस्त्री म्हणतो एवढं चालतं. पण मिस्त्री कपाटाचा आहे, इंजिनचा नाही, म्हणून त्याच्या शब्दावर मी पैसे मोजणार नाही.

कागदांत एक गाठ आहे. कर्ज फिटलंय, पण आरसीवरचा बोजा उतरवलेला नाही. फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी लावून तो उतरला की मग 29 आणि 30 भरून गाडी माझ्या नावावर होईल. मालक म्हणतो, "पैसे द्या, नंतर करून देतो." मी सांगितलं, टोकन घ्या, बाकीचे बोजा उतरल्यावर. थकलेली ई-चलनंही त्यानेच भरायची. नवीन नंबरप्लेट त्याने लावून घेतली आहे, तेवढं एक काम वाचलं. नाव चढल्यावर विमाही चौदा दिवसांत माझ्या नावावर करून घ्यायचा, नाहीतर अपघात झाला की कंपनी हात वर करते.

मागतोय साडेचार लाख. चारवर येईल असं मला वाटतं, कारण भाजीचं काम त्याने सोडलंय, गाडी उभी आहे आणि तिचं पासिंगही जवळ आलंय. रात्रीच्या जागेचाही प्रश्न सुटल्यासारखा आहे. सिडकोच्या आमच्या गल्लीत बाइकलाही जागा मिळत नाही, पण गाळ्याचा शटर थोडा आत घेतला तर समोर गाडी बसते. वॉचमनला महिन्याला काही द्यावं लागेल, डिझेलचोर तिकडेही फिरतात.

शेजारचा ग्रॅनाइटवाला आत्तापासूनच विचारतोय, "मधल्या दिवशी आमचा माल टाकाल का?" भाडं चांगलं देईल. पण दगड वाहून पाटे बसवून घ्यायचे असतील तर चांगली गाडी शोधण्यात एवढी पायपीट कशाला केली? त्याला नाही म्हणालो, तो थोडा रुसलाय.

तर माझा कल घेण्याकडे आहे, आणि तो कोपरखैरण्याच्या गाडीकडेच. अडलंय ते त्या बॅक कॉम्प्रेशनवर. तुझ्या पिकअपचं इंजिन ज्या फिटरने खोललं होतं, तो पिंपळगावचा, त्याला घेऊन येशील का? येत्या शनिवारी मालक घरी आहे. रात्री इथेच राहा, सकाळी गाडी थंड असतानाच दाखवू. फिटरचं येणं-जाणं आणि हजेरी माझ्याकडे. त्याने नको म्हटलं तर मी टोकन देणार नाही, मग भले लिफ्ट आणखी चार महिने चुकू दे.

काकूंना नमस्कार सांग. आणि येताना बेदाणे आण, मागच्या वेळचे ऑफिसातच संपले म्हणून घरात अजून बोलणी खातोय.

तुझा,
दिन्या