रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव मला माहीत नाही. फाइलमधल्या नोंदींखाली फक्त सही आहे आणि ती काही केल्या लागत नाही. बरी झाल्यावर वॉर्डात भेटायला आले, तेव्हा तुम्ही नोकरी सोडून गेला होतात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. कधीतरी तुमच्या नजरेस पडेल.

मी तुम्हाला आठवत असेन की नाही, कोण जाणे. मला मात्र तुम्ही अजिबात आठवत नाही. हॉस्पिटलातले ते पाच आठवडे माझ्या डोक्यातून पुसले गेलेत. मला झालेल्या मेंदूच्या आजारात बहुतेकांचं तसंच होतं. इथे लिहितेय ते दादाकडून ऐकलेलं, आणि विम्यासाठी काढलेल्या फाइलच्या झेरॉक्समध्ये वाचलेलं.

सुरुवात साधीच होती. दोन दिवस कणकण, डोकं जड. मग झोप उडाली. चौथ्या रात्री मी आईला म्हणाले, तू माझी आई नाहीस, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कुणीतरी आहेस. त्यातून कुणीतरी ऐकतंय म्हणून फोन बादलीत बुडवला. एमआरआय नॉर्मल, रक्त नॉर्मल. मग ताण, प्रेमभंग, नाटक, ज्याला जे सुचलं ते. एका डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही झालंय का?" मी त्यांना फारसा दोष देत नाही. विशीतली मुलगी, रिपोर्ट स्वच्छ, बोलणं असंबद्ध. कुणालाही तसंच वाटलं असतं. आईला मात्र तो प्रश्न अजून टोचतो.

आणि मग तुमच्या नोंदी.

"१.५० – जबडा काही चावत असल्यासारखा सतत हलतोय. उजवा हात दोरा गुंडाळल्यासारखा. हाक मारली, ओ नाही. नाडी ५२."
"२.३५ – नाडी १३८. अंग घामाने भिजलंय."
"२.५० – इंजेक्शन अजून दिलेलं नाही. हालचाली त्याआधीच्या आहेत."

शेवटच्या वाक्याखाली तुम्ही रेघ मारली होती. ती रेघ का, हे मला वर्षभराने कळलं. भ्रमावरच्या औषधांनीही तोंडाच्या अशा हालचाली होऊ शकतात. सकाळच्या राउंडला कुणीतरी तेच म्हणालं, आणि तुम्ही ड्यूटी संपलेली असताना थांबून ती वेळ दाखवलीत. दादा दाराशीच उभा होता. तो म्हणतो, सिस्टर आवाज न चढवता तेच वाक्य तीनदा बोलल्या. दुपारी मेंदूचे डॉक्टर आले, पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी झाली. पाण्यात अँटिबॉडी सापडल्या, शरीराची लढायची शस्त्रं, पण माझ्याच मेंदूवर रोखलेली.

आजाराचं नाव अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, अशा अँटिबॉडींमुळे मेंदूला येणारी सूज. जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा छडा लावला तो २००७ साली. त्याआधी माझ्यासारख्या किती जणी वेड लागलं म्हणून कोंडल्या गेल्या असतील, हा विचार मी रात्री करत नाही. माझ्या अंडाशयात चार सेंटिमीटरची गाठ होती, टेराटोमा. तिच्यात केस असतात, चरबी असते आणि कधी चक्क मेंदूसारख्या पेशीही. शरीर त्या गाठीशी लढायला निघालं आणि तीच शस्त्रं घेऊन माझ्या मेंदूवर चालून गेलं. प्रत्येकीला गाठ असतेच असं नाही. मला होती, ती काढली. पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टेरॉईड, मग प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, बदलणं. २०१३च्या एका मोठ्या अभ्यासात उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण दोन वर्षांत बऱ्यापैकी सावरलेले दिसले. उपचार लवकर सुरू झाले तर शक्यता वाढते. म्हणजे तुम्ही माझे नेमके किती दिवस वाचवलेत, याचा हिशेब मला मांडता येत नाही.

सावरणं मात्र सिनेमासारखं नव्हतं. शंभरातून सात वजा करत जायला मला तीन महिने लागले. शब्द जिभेवर येऊन अडायचे. चिडचिड इतकी, की दादा म्हणायचा, आजारी होतीस तेव्हा निदान गप्प तरी होतीस. आता कामावर जाते. खालच्या ओठावर आतून दाताचा व्रण आहे, जीभ अधूनमधून तिथे जाते.

फाइलमध्ये तुमची आणखी एक नोंद आहे. निदानाच्या दोन रात्री आधीची. तिचा औषधाशी काही संबंध नाही, विम्याच्या माणसाने तर ते पान वाचलंही नसेल. "४.२० – रुग्ण रडत होती. दहा मिनिटं हात धरून बसले. झोपली."

त्या दहा मिनिटांसाठीही आभार, सिस्टर. सही लागली नाही तरी तुमचं अक्षर मी आता कुठेही ओळखेन.

तुमची,
खिडकीजवळच्या खाटेवरची पेशंट