वाड्यातली सांबरशिरे पुसण्याआधी

महोदय,

दिवाळीच्या झाडझुडीत जुन्या वाड्यांतल्या शिकारीची आठवण म्हणून टांगलेली सांबर-चितळांची मुंडकी ओल्या फडक्याने पुसली जातात. कृपया तसे करू नये. कीड लागू नये म्हणून त्या काळी कातड्याला आतून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, साबण चोळत. ते विष अजून तसेच असते. हातमोजे व एन-९५ मास्क घालून मऊ ब्रशने केसांच्या दिशेने, नाकाकडून मानेकडे झाडावे. पाण्याने कातडे फुगते, वाळताना आकसते आणि डोळ्यांच्या कडांशी, ओठांशी फाटते. काचेचे डोळे तेवढे ओलसर कापसाने पुसावेत.

केसांचे पुंजके गळून खाली भुकटी दिसली, तर कसर लागली समजा. फवारा मारू नका. प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवावे, बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नये, नाहीतर दव कातड्यावर धरते. खाद्यपदार्थांचा फ्रीझर यासाठी मुळीच नको. सांबराची शिंगे त्यात मावणारही नाहीत म्हणा!

वारसाने आलेल्या मुंडक्याची माहिती ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना द्यावी लागते, हेही अनेकांच्या गावी नसते.

– एक वाचक, सातारा