खोडलेल्या एका ओळीबद्दल

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

अक्कलकोट रोडवरील आमच्या टॉवेल कारखान्यातला मागांची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिनक्सवरून विंडोजवर आणताना आपण जी मदत केलीत, तिचे आभार फोनवर नीट मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र.

आपल्याआधी दोन सल्लागार येऊन गेले होते. दोघांचेही निदान एकच : ‘स्टॅक कमी पडतोय, वाढवा.’ (स्टॅक म्हणजे प्रत्येक कामाला चालताना लागणारी तात्पुरती मेमरी.) आमच्या १,८०० छोट्या कामांना त्यांनी प्रत्येकी १ एमबीचा स्टॅक दिला. ३२ बिट विंडोजमध्ये एका प्रोग्रामच्या वाट्याला एरवी २ जीबी मेमरीचेच पत्ते येतात आणि त्यातच प्रोग्रामलाही राहायचे असते, हा हिशेब कोणी मांडला नाही. पुढे प्रोग्राम सुरूच होईना, तेव्हा दोष आमच्या जुन्या संगणकांवर गेला. बिले मात्र वेळेवर आली.

आपण आधी मोजायला लावलेत. सर्वांत खोल जाणारे कामही २२ केबी ओलांडत नाही हे दिसल्यावर ६४ केबी पुरेत, हे माझे मलाच उमगले. लिनक्सवर स्टॅकच्या ज्या पानांना (मेमरीच्या छोट्या तुकड्यांना) हात लागतो तेवढीच मेमरी खर्च होते, विंडोजवर मात्र जागा राखणे वेगळे आणि ती प्रत्यक्ष पदरात घेणे वेगळे, हे आपण एका डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर चौकोन काढून समजावलेत आणि खाली लिहिलेत : ‘स्टॅक हाताने बदला, खाली गार्ड पेज ठेवा.’ म्हणजे एका कामावरून दुसऱ्यावर जाताना स्टॅक आपल्याच कोडने बदलायचा आणि हद्द ओलांडली की लगेच कळावे म्हणून टोकाला एक राखीव पान ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतो तोच आपण स्कूटर लावत होतात. चहाही न घेता आपण ते चलन मागितलेत, लाल पेनाने स्वतःचीच ओळ खोडलीत आणि म्हणालात, ‘रात्री मी चुकीचे सांगितले.’ विंडोज प्रत्येक थ्रेडच्या, म्हणजे प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या धाग्याच्या, स्टॅकच्या हद्दी वेगळ्या नोंदवून ठेवते. स्टॅक बदलून ती नोंद जुनीच राहिली, तर गार्ड पेज असूनही प्रोग्राम कोसळू शकतो. फायबर, म्हणजे एकाच थ्रेडमध्ये कामे आलटूनपालटून चालवण्याची विंडोजची सोय, वापरले की त्या हद्दीही सोबत बदलतात.

सर, आपण गप्प राहिला असतात, तर मी माझ्याच कोडला दोष देत आठवडा घालवला असता आणि आपल्याला कोणी विचारलेही नसते. पैसे घेऊन चुकणारे भेटले; चूक सांगायला सकाळी सातला होटगी रोडवरून येणारे आपण एकटेच.

प्रोग्राम आता तिन्ही पाळ्यांत चालतो. चलन हिशेबाला हवे म्हणून आमच्या मुनीमजींनी दोनदा मागितले. त्यांना झेरॉक्स दिली आहे.

आपला कृतज्ञ,
कारखान्यातील प्रोग्रामर, सोलापूर