तो पेपर तू का लपवलास, ते आता कळलं

प्रिय मित्रा,

सात महिन्यांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, चुकलंच माझं. आम्ही बरे आहोत, माझा गुडघा तेवढा कुरकुरतो.

लिहायला बसलो ते पोराच्या काळजीने. आठवीपर्यंत याचा पहिला नंबर ठरलेला. यंदा निवडक मुलांच्या तुकडीत गेला आणि पहिल्याच चाचणीत सतरावा आला. मला मात्र चार गुण वाढवून सांगितले. परवा त्याची वही उघडली, तर एका गणितापाशी कागद खोडून खोडून फाटलेला आणि पुढची सगळी अवघड गणितं कोरी. विचारलं तर म्हणाला, "मी हुशार नव्हतोच बाबा. तिथली मुलं कच्ची होती, एवढंच."

चौदा वर्षांचं पोर रे! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मग वाचत सुटलो. मार्श आणि पार्कर या संशोधकांनी १९८४ मध्येच लिहून ठेवलंय की तेवढ्याच कुवतीचं मूल हुशारांच्या घोळक्यात गेलं की स्वतःला कमी लेखायला लागतं. ते स्वतःला मोजतं शेजारच्या बाकावरून. हे पटलं. पण म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा प्रयोग जिव्हारी लागला. पाचवीतल्या काही मुलांना 'किती हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'छान मेहनत घेतलीस'. पुढची कोडी अवघड निघाली, तेव्हा 'हुशार' मुलं लवकर हिरमुसली. दुसऱ्या शाळेतल्या, कधी न भेटणाऱ्या मुलांना आपले गुण कळवायचे होते, तर त्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून लिहिले!

आमच्या घरात उठता-बसता 'हुशार, हुशार' कोण म्हणत होतं? मीच.

आणि तू आठवलास. अकरावीत भौतिकशास्त्राचा पेपर तू दप्तरात कोंबलास, मी हिसकावायला आलो, तुला शिष्ट म्हणालो, दोन महिने अबोला. (कंपास मात्र तेव्हाही माझाच वापरायचास!) मला वाटलं, तुला माज आलाय. तू घाबरला होतास, हो ना? सगळे तुला हुशार म्हणूनच ओळखायचे, तेच गेलं तर मागे काय उरणार, असं वाटलं असेल. माफ कर मला.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार.

मी समजवायला गेलो की हा मान डोलावतो आणि दार लावून घेतो. तुझं ऐकेल. त्याला त्या पेपरची गोष्ट लिहून पाठवशील? किती गुण होते तेही लिही, मला अजून माहीत नाही.

तुझाच