दगडाच्या वर बांध

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या सिझनपासून आपल्या पाहुण्यांच्या खोल्यांची वही आणि किल्ल्या तुझ्याकडे द्यायच्या, हे आता पक्कं. तू पाठवलेला नकाशा मी आणि तुझ्या आईनं दोन-तीनदा पाहिला. खोल्यांना गॅलरी हवीच होती. स्वयंपाकघर मोठं होतंय म्हणून आई खूश आहे. पण खाली पाण्याच्या अंगाला तू ओटा, हिरवळ आणि तारेचं कुंपण दाखवलं आहेस. त्यावर फोनवर बोलणं झालं असतं, पण मला ते नीट लिहून द्यायचं होतं.

कोयना धरणाचं पाणी १९६० नंतर चढत आलं तेव्हा मी तुझ्या आजीच्या कडेवर होतो. आपलं घर, गोठा, भाताची खाचरं, सगळं खाली होतं. सोलापूर जिल्ह्यात जमिनी मिळाल्या. थोरले आजोबा बैल, जातं आणि देवघरातले टाक घेऊन तिकडं गेले. तुझे आजोबा गेले नाहीत. वरच्या उतारावर नाचणीपुरतं रान उरलं होतं, तिथं त्यांनी कुडाचं घर घातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, तिकडं कोयनानगरला माणसं घरांखाली गेली. आपलं कुडाचं घर हललं पण राहिलं. पुढं कितीतरी दिवस आजी आम्हा पोरांना अंगणातच निजवायची.

नाचणीवर घर चालत नव्हतं. जावळी आणि पाटण तालुक्यांतली माणसं तेव्हा मुंबईला जाऊन पाठीवर पोती वाहायची, तसे आजोबाही मशीद बंदरला लागले. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांची संघटना उभी केली, १९६९ ला कायदा झाला, आणि पाठीवरच्या ओझ्याला फंड-ग्रॅच्युइटी मिळू लागली. आपल्या पहिल्या दोन खोल्या त्या पैशातून झाल्या. त्या पाडायच्या नाहीत असं तू आपणहून लिहिलंस, ते वाचून फार बरं वाटलं.

धंदा मात्र आजीनं सुरू केला, तोही खोल्या होण्याच्या आधी. वासोट्याला जाणारी पुण्या-मुंबईची पोरं लाँचनं मेट इंदवलीला उतरायची. गड करून परत यायला उशीर झाला की साताऱ्याची एस. टी. निघून गेलेली असायची. मग ती आपल्या पडवीत पथारी टाकायची. आजी भाकरी, पिठलं, खर्डा वाढायची आणि त्याचे पैसे चोख घ्यायची. झोपण्याचे मात्र तिनं कधी घेतले नाहीत. १९८५ ला पलीकडचं जंगल अभयारण्य झालं. आता तिथं मुक्कामाला बंदी आहे, बामणोलीत वनखात्याची परवानगी काढून त्याच दिवशी परतावं लागतं. म्हणून माणसं अलीकडच्या काठावर उतरू लागली आणि आपल्यासारख्या घरांना गिऱ्हाईक मिळालं. २०१२ ला कास जागतिक वारशाच्या यादीत गेल्यावर तर फुलांच्या दिवसांत खोली शिल्लक राहीना. ते सगळं तू पाहिलेलं आहेस.

आता मे महिन्याचं. कोयनेचा शिवसागर जलाशय तुडुंब दिसतो तो पावसाळा सरताना. भरला की १०५.२५ टीएमसी पाणी, पातळी २१६३ फुटांच्या वर. पुढं ते विजेसाठी पश्चिमेला पोफळीकडं जातं, काही सिंचनासाठी पूर्वेला सोडतात. धरणाचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणजे आपला उन्हाळी सिझन ऐन भरात असतो तेव्हा धरणाचं वर्ष संपत आलेलं असतं. पाणी लांब गेलेलं, मध्ये लाल माती आणि भेगाळलेला गाळ. पाहुणे फोटो पाहून येतात आणि हिरमुसतात. त्यांना हे फोनवर, पैसे भरायच्या आधी सांगायचं. आजोबा सांगायचे. आणि जे तरीही यायचे त्यांना ते संध्याकाळी खाली घेऊन जायचे. हे आपलं जोतं, ही विहीर, हा देवळाचा चौथरा, इथून कांदाटी खोऱ्याकडं वाट जायची. पाणी उतरल्यावर गाळात पेरलेल्या तुकड्यात कुणाचा भाजीपाला असला तर तोही दाखवायचे. पुण्याची काही कुटुंबं तीन पिढ्या आपल्याकडं येतात ती तेवढ्यासाठी.

तुझा ओटा त्याच वाटेवर येतो. धरणासाठी घेतलेल्या जमिनीच्या हद्दीचे दगड अंगणाच्या खाली आहेत, तू लहानपणी त्यांवर बसायचीस. त्या दगडांखालची जमीन सरकारची आहे, आजोबांनी तिचे पैसे घेतले आहेत. पाणी उतरलं म्हणून ती आपली होत नाही. हे कायद्याचं झालं. मला जास्त वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मे महिन्यात सोलापूरकडची आपली माणसं जीप करून येतात. चौथऱ्यावर नैवेद्य ठेवतात, जोत्यावर बसतात, म्हाताऱ्या बाया नातवंडांना चूल कुठं होती ते दाखवतात. आपली भावकी तर येतेच, इतर घरंही येतात, आणि खाली उतरायची पायवाट आपल्या अंगणातूनच आहे. आपण वर राहिलो म्हणून आज पाहुणे ठेवतो. जे गेले त्यांचं जे काही आहे ते त्या गाळात आहे. त्यांना कुंपणाशी थांबून आपली परवानगी मागावी लागली, तर ते माझ्यानं बघवणार नाही.

तेव्हा ओटा वर फणसाखाली घे. तिथून तळं दिसतं, सावलीही आहे, आणि दगड तिथं पुष्कळ आहे. हिरवळ नको, मे महिन्यात तिला पाणी कुठून घालणार? सेप्टिक टँक घराच्या मागच्या बाजूला, उताराच्या उलट अंगाला धर. जागा कमी पडली तर एक खोली कमी कर, पण सांडपाणी तळ्याकडं जाता कामा नये. बोटीसाठी पाहुण्यांना बोट क्लबातच पाठवायचं, तिथं नंबरानं बोट सुटते आणि गावातल्या सगळ्या घरांना काम मिळतं. स्वतःची बोट घेण्याचा विचार सोड.

गवंडी पुढच्या आठवड्यात चौथरा आखायला येतोय. त्याच्या आधी नकाशा बदलून पाठव. आईनं नाचणीचं पीठ आणि वाळवलेली आमसुलं बांधून ठेवली आहेत, साताऱ्याला कुणी येणार असेल तर कळव.

तुझे,
आप्पा