नुसते ‘पिंपळगाव’ लिहिले तर पत्र कुठे जाणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले दोन आठवडे आपल्या वाचकांच्या पत्रांत ‘नाशिक’ की ‘नासिक’ हा वाद रंगला आहे. एक जण म्हणतात शूर्पणखेचे नाक (नासिका) इथे कापले म्हणून हे नाव, दुसरे नऊ शिखरांवर अडून बसलेत. त्यातच रविवारच्या पुरवणीत सॅफ्रन वॉल्डन या इंग्लंडातल्या बाजारगावावर चौकट आली: ‘केशराच्या शेतांवरून नाव पडलेले गाव’. मी चौतीस वर्षे टपाल खात्यात सॉर्टिंगला होतो, म्हणजे गावांच्या नावांवरच पोट भरले. शिवाय ते वॉल्डन पायी हिंडून आलोय. तेव्हा दोन्हीकडे नाक खुपसतो.

माझी लेक केंब्रिजला असते. मागच्या वर्षी तीन महिने तिच्याकडे होतो. तिथून दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर, एसेक्स परगण्यात, हे गाव आहे. आगगाडीने गेलात तर उतरायचे ऑडली एंडला, गाव पुढे तीनेक किलोमीटर. नाशिकरोडला उतरून पंचवटीला जाणाऱ्याला त्यात नवल वाटायचे कारण नाही. मला नवल वाटले ते पोस्टकोडचे. गाव एसेक्सचे, पण कोड सीबी १० आणि सीबी ११, म्हणजे केंब्रिजचा. टपालाला जिल्ह्याची हद्द दिसत नाही, वाट दिसते. आमच्याकडेही तेच.

आता चौकटीतली चूक. केशरावरून नाव पडले हे अर्धेच खरे. मूळ गाव नुसते वॉल्डन, आणि ते नाव केशराच्या कितीतरी आधीचे. विल्यम राजाने १०८६ साली मुलखाची मोजदाद करून जे डोम्सडे बुक लिहवून घेतले, त्यात ते आहे. जुन्या इंग्रजीत ‘डेनू’ म्हणजे खोरे आणि ‘वेल्ह’ म्हणजे परका. सॅक्सन लोक समुद्रापलीकडून आले, घरे बांधली आणि आधीपासून राहणाऱ्या ब्रिटनांनाच परके म्हणू लागले. भाडेकरूने घरमालकाला पाहुणा म्हणावे, तसली गत! त्या ‘परक्यां’चे खोरे ते वॉल्डन. वेल्स हे नाव त्याच शब्दातले, आणि अक्रोडाला इंग्रजीत वॉलनट म्हणतात तेही त्यातूनच: परमुलखातले फळ.

मग आला बाजार. ११४१ साली तिकडे मटिल्डा आणि स्टीफन यांच्यात गादीचे भांडण पेटले होते. जेफ्री द मँडव्हिल हा सरदार कधी याच्या बाजूला, कधी तिच्या. त्याने मटिल्डाकडून सनद मिळवली आणि शेजारच्या न्यूपोर्टचा बाजार उचलून आपल्या वॉल्डनच्या गढीखाली आणून बसवला. त्या गढीच्या गारगोटीच्या भिंती अजून अर्ध्यामुर्ध्या उभ्या आहेत. गावाला लोक चिपिंग वॉल्डन म्हणू लागले. ‘चिपिंग’ म्हणजे बाजार. स्वस्ताला आपण ‘चीप’ म्हणतो तो शब्द मूळचा खरेदीविक्रीचा, आणि लंडनातले चीपसाइड ही तिथली जुनी बाजारपेठ. तेव्हा चिपिंग वॉल्डनचे मराठी करायचे तर वॉल्डन पेठ. हे नाशिक जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको, आपल्याकडे अख्खा तालुकाच पेठ नावाचा आहे.

ज्या न्यूपोर्टचा बाजार गेला, त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘नवा बाजार’. नाव गावाकडे राहिले, बाजार शेजाऱ्याने नेला. मला आपले नाशिकजवळचे गोवर्धन गाव आठवले. पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्याने तीन हजार कार्षापणे, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (संघांकडे) ठेवल्याची नोंद आहे: दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. व्याजातून भिक्षूंची वस्त्रे आणि वरखर्च. म्हणजे दोन हजार वर्षांमागे पैसा विश्वासाने ठेवावा अशी पेठ गोवर्धन होती, आणि मुलूखही त्याच नावाने ओळखला जाई. आज गंगापूर रस्त्याने जाताना गोवर्धन कधी मागे पडते, कळतही नाही.

केशराचा नंबर यानंतर लागतो. सोळाव्या शतकात वॉल्डनच्या आसपास ते इतके पिकू लागले की ‘चिपिंग’ जाऊन ‘सॅफ्रन’ आले. बियाण्याबद्दल एक कथा सांगतात. कुणा यात्रेकरूने पूर्वेकडून परतताना काठी आतून पोकरून त्यात एक कंद लपवून आणला म्हणे. खरे-खोटे देव जाणे, पण कुंभात साधूंच्या झोळ्यांतून काय काय येते-जाते ते पाहिलेल्या नाशिककराला ही कथा पटायला जड नाही. केशराचे फूल शरदात उमलते, ते सकाळी लवकर खुडायचे. फुलात लाल केसर तीनच. ग्रॅमभर केशराला दीडेकशे फुले लागतात. रंगाला, औषधाला, स्वयंपाकाला, सगळीकडे त्याला मागणी. गावाच्या चिन्हात तटबंदीच्या आत तीन केशरफुले आहेत. इंग्रजीत ‘तटात कोंडलेले केशर’ असे म्हटले की ‘सॅफ्रन वॉल्ड-इन’ ऐकू येते. आपल्या पंतकवींनी पाठ थोपटावी असा श्लेष. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र केशर संपले. बाहेरचे स्वस्त पडू लागले, खुडायला माणसे परवडेनात, आणि शेतकरी बार्लीकडे वळला. गाव माल्टवर, म्हणजे बियरसाठी मोड आणून वाळवलेल्या बार्लीवर, जगू लागले, पण त्याला माल्ट वॉल्डन कुणी केले नाही.

गंमत अशी की लेकीच्या घरी पूजा होती म्हणून मी सराफ बाजाराजवळच्या दुकानातून केशराची एक ग्रॅमची डबी नेली होती. बोटाच्या पेराएवढी, पारदर्शक, वर काश्मीरचे चित्र. वॉल्डनला गेलो त्या दिवशी ती कोटाच्या खिशातच राहिलेली. मंगळवार होता. मंगळवारी आणि शनिवारी तिथे चौकात बाजार भरतो, आपला गंगेवर (गोदेला आम्ही गंगाच म्हणतो) बुधवारी भरतो तसा, फक्त आरडाओरडा कमी. भाजीवालीला लेकीमार्फत विचारले, केशर आहे का. बाई हसली, म्हणाली, सुपरमार्केटात बघा. मी डबी काढून दाखवली. तिने झाकण उघडले, वास घेतला, शेजारच्या पाववाल्याला बोलावून त्यालाही दिला. केशराच्या गावाला केशर नाशिकहून! उलटी गंगा म्हणतात ती हीच.

आणि ‘सॅफ्रन’ शब्द तरी इंग्रजांचा कुठे आहे? फ्रेंचांकडून घेतलेला, मूळ अरबी ‘जाफरान’. आमच्या कोपऱ्यावरचा पानवाला जाफरानी पत्तीचा डबा उघडतो तेव्हा त्या गावाचे अर्धे नाव उच्चारतो.

आता मुद्द्याचे. वॉल्डनच्या मागेपुढे काही जोडायची गरज पडते, कारण वॉल्डन एकच नाही. शेजारच्या हर्टफर्डशायरात किंग्ज वॉल्डन आहे, सेंट पॉल्स वॉल्डनही आहे. आपल्याकडे पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव बहुला, पिंपळगाव खांब. पाकिटावर नुसते ‘पिंपळगाव, जि. नाशिक’ आले की आमच्या टेबलावर ते हातोहात फिरायचे. कुणी म्हणे बसवंतला टाक, तिकडे द्राक्षवाले जास्त. १९७२ साली पिनकोड आला, तरी तो लिहायची सवय लोकांना लागेपर्यंत पुष्कळ वर्षे गेली. वॉल्डनजवळ ग्रेट चेस्टरफर्ड आणि लिटल चेस्टरफर्ड अशा दोन पाट्या दिसल्या तेव्हा मी लेकीला म्हटले, हे बघ, बुद्रुक आणि खुर्द.

म्हणून नाशिककरांनी एकाच ‘खऱ्या’ नावासाठी भांडू नये असे मला वाटते. पांडवलेण्यांतल्या अठराव्या लेण्यावर नासिककरांनी दिलेल्या दानाचा लेख आहे, तिथे ‘स’ आहे. मोगलाईत हे शहर गुलशनाबाद होते, फुलांचे म्हणून. पेशवाईत जुने नाव परत आले आणि पुढे जिभेने ‘स’चा ‘श’ केला. वॉल्डनमध्ये परक्यांचे खोरे, बाजार आणि केशर यांपैकी खरे कोणते असे विचारलेत, तर तिथला माणूस तुमच्याकडे बघत राहील. माझ्या हातून ‘नासिक’, ‘नाशिक’, ‘नाशीक’ अशी सगळी पत्रे गेली आहेत. एकदा तर पाकिटावर फक्त ‘गंगेकाठी, रामकुंडाच्या वरच्या अंगाला’ एवढेच आणि खाली गुरुजींचे नाव होते. तेही पोचले.

ता. क. चौकटीत ‘न्यूपोर्ट बंदरातून केशर परदेशी जाई’ असे वाक्य आहे. त्या न्यूपोर्टला समुद्र औषधालाही नाही. तिथे ‘पोर्ट’ म्हणजे बाजाराचे गाव. तेवढी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त सॉर्टर
जुने नाशिक, ४२२००१